ठाण्यात भयपटांची रात्र लावायची असेल तर

गणपती उठले की आमच्या मंडळात कुणीतरी विचारतंच, "यंदा भुतं कधी?" आम्ही दहा-बारा जण नौपाडा-घंटाळी भागातले. गेली काही वर्षं ऑक्टोबरच्या शेवटी भयपटांचा एक खेळ लावतो. बाहेरच्या देशांत हॅलोविनच्या दिवसांत छोटी, स्वतंत्र थिएटरं महिनाभर भयपट दाखवतात, त्याचंच हे आमचं घरगुती रूप. ठाण्यात तसं थिएटर नाही. मल्टिप्लेक्स आहेत, नाट्यगृहं आहेत आणि वंदना, मल्हार, आराधना ही जुन्या थिएटरांची नावं तर आता सिनेमापेक्षा रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाच जास्त कामाला येतात. त्यामुळे आपलं थिएटर एका रात्रीपुरतं आपणच उभं करायचं.

पहिली दोन वर्षं आमचे पैसे प्लास्टिकचे सांगाडे आणि कापसाची कोळिष्टकं यांत गेले. लोकांनी त्यांच्यासोबत फोटो काढले आणि आत जाऊन आरामात पॉपकॉर्न खाल्ले. कुणी घाबरलं नाही, कारण हॉलमध्ये ना काळोख होता, ना शांतता. या दोन गोष्टी विकत मिळत नाहीत, राखाव्या लागतात. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

तारीख

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस आणि ही त्याची आदली रात्र. त्याचं मूळ आयर्लंडकडच्या केल्टिक लोकांच्या सुगी संपल्याच्या सणात सांगतात. तिथे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. आपल्याकडे मात्र ही तारीख दिवाळीच्या आसपास घुटमळते, आणि तिथेच फसायला होतं.

२०२४ साली आम्ही हट्टाने ३१ तारीखच धरली. त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, मग तलावपाळीची नाहीतर राम मारुती रोडची दिवाळी पहाट, दुपारी फराळ. संध्याकाळी साडेसातला पंचवीस-तीस माणसं जांभया देत आली. चित्रपटात नायिका श्वास रोखून कपाटात लपलेली आणि बाहेर कुणीतरी दहा हजारांची माळ लावलेली. ती संपेपर्यंत भूत, नायिका आणि आम्ही, सगळेच ताटकळलो.

तेव्हापासून आधी कॅलेंडर भिंतीवरून उतरवतो. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे योग चांगला आहे. दिवाळी चिकटून येत असेल तर सरळ आधीचा शनिवार घ्या. हॅलोविन चार दिवस अलीकडे आल्याने कुणाचं बिघडत नाही. पितृपक्षात लावू नका, अशी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची सक्त ताकीद असते: "पितर म्हणजे भुतं नव्हेत." मला ते पटतं. रविवार टाळा. लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस.

जागा

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मल्टिप्लेक्स किंवा एकपडदा थिएटरचा एक स्क्रीन एका खेळापुरता भाड्याने घ्यायचा. परवाना, अग्निसुरक्षा, प्रोजेक्टर, सगळं त्यांचं. महाग पडतं, पण पहिल्या वर्षी हेच करा. दुसरा रस्ता म्हणजे छोटं सभागृह घेऊन प्रोजेक्टर आपण लावायचा. यात लक्षात ठेवा की लोकांसाठी चित्रपट दाखवायच्या जागेला आपल्या राज्यात १९५३च्या सिनेमा विनियमन कायद्याखाली परवाना लागतो. तिकिटाला "देणगी प्रवेशिका" म्हटल्याने काही बदलत नाही. हॉलवाल्यांकडे कोणकोणत्या परवानग्या आहेत ते आधी कागदावर बघा आणि शंका असली तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. मैदानात किंवा गच्चीवर लावायचं मनात असेल, तर उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. म्हणजे साडेसातला सुरू करून दहाच्या आत संपवायचं. पडद्यामागे समोरच्या बिल्डिंगचे टीव्ही दिसत असताना भयपट बघण्यात मजा नाही, हे माझं मत.

हॉल बघायला रात्री जा. दिवसा सगळे हॉल सारखेच दिसतात. ज्या वेळी खेळ असेल त्या वेळी आत बसा, दिवे घालवायला सांगा आणि दहा मिनिटं काही बोलू नका. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि एकेक चोर बाहेर येतो. व्हेंटिलेटरमधून रस्त्याचा दिवा, दाराखालून पॅसेजची ट्यूब, अॅम्प्लिफायरचा निळा ठिपका, स्टेजच्या फळीवर पडलेली कसलीशी तिरीप. वही काढा आणि लिहून घ्या. व्हेंटिलेटरला जाड काळं कापड, दाराच्या फटीला गुंडाळलेली सतरंजी, ठिपक्यांवर काळ्या टेपचा तुकडा. एवढ्याने नव्वद टक्के काम होतं.

फक्त एका दिव्याला हात लावायचा नाही, बाहेर जायच्या दाराच्या पाटीला. एका वर्षी आमच्यातल्या उत्साही मुलाने तिच्यावर पुठ्ठा चिकटवला होता. मी तो खेळाआधी पाच मिनिटं पाहिला आणि काढला. काळोख कितीही प्रिय असला तरी दीडशे माणसं धडपडत दार शोधतायत, ही कल्पना कुठल्याही भयपटापेक्षा वाईट आहे. खऱ्या मेणबत्त्याही नकोत, लॉबीतसुद्धा नकोत.

आता कान लावा. ऑक्टोबर हीटमध्ये एसी बंद ठेवता येणार नाही, पण काही एसी असे घरघरतात की पडद्यावरची कुजबुज ऐकूच येत नाही. तसं असेल तर हॉल दोन तास आधी गार करून घ्या आणि चित्रपट सुरू झाल्यावर पंखा सगळ्यात कमी वेगावर. शेजारी लग्नाचा हॉल आहे का, पाण्याचा पंप किती वाजता लागतो, तेही विचारा. आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल घाला. उशिरा येणारे आणि बाथरूमला जाणारे ते दार पंधरा वेळा उघडतात. कुरकुरणारं दार फक्त पडद्यावरचं हवं.

चित्रपट आणि त्याची परवानगी

"माझ्याकडे सबस्क्रिप्शन आहे, लॅपटॉपवरून लावू." हे वाक्य दरवर्षी कुणीतरी म्हणतं. ते सबस्क्रिप्शन घरात बघण्यापुरतं असतं. डीव्हीडी, ब्लू-रेचंही तसंच. लोकांसमोर दाखवायचं तर निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. आठ आठवडे आधी ईमेल करा, आणि त्यात तारीख, वेळ, जागा, आसनसंख्या, तिकीट आहे का, किती खेळ, हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. अर्धवट पत्राला उत्तर येत नाही. स्वतंत्र निर्माते, विशेषतः मराठी, बऱ्याचदा आनंदाने हो म्हणतात. पैसे ठरावीक रक्कम म्हणून द्यायचे की तिकिटातला वाटा, ते तेव्हाच ठरवून लेखी घ्या.

आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणून फार जुने चित्रपट मोकळे झालेले असतात. पण नव्याने दुरुस्त केलेली प्रत आणि तिला नव्याने दिलेलं संगीत यांचे हक्क वेगळे असू शकतात. प्रत कुठून आली ते तपासा.

दुसरा कागद सेन्सॉरचा. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट जाहीर खेळात दाखवता येत नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ही चित्रपट-मंडळांची देशभरातली संघटना, तिच्याशी संलग्न असलेल्या सोसायट्यांना सभासदांपुरत्या खेळांसाठी सवलत मिळू शकते. जुना परदेशी चित्रपट लावायचा तर हा मार्ग धरा. ही फेडरेशन १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८पासून काम करतेय. अशा जाणत्या मंडळींना एकदा भेटून या. एका चहात महिनाभराची धावपळ वाचते.

आता निवड. आमचा नियम असा की एका रात्रीत एकाच जातीची भीती. रामसे बंधूंच्या चित्रपटांची रात्र वेगळी. तिथे शिट्ट्या, संवाद आधीच म्हणून टाकणं, रबरी मुखवट्याला टाळ्या, सगळं चालतं, चालायलाच हवं. पण त्याच रात्री एखादा गंभीर, हळूहळू चढत जाणारा चित्रपट जोडलात तर दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांवर चिडतात. आम्ही एकदा केलंय. मागच्या रांगेतून आलेल्या "अरे मागे बघ मागे!"ने अख्खा शेवट खाल्ला.

मराठी घ्यायचा तर 'लपाछपी'सारखा चित्रपट हॉलमध्ये घट्ट पकडतो. उसाच्या फडातलं घर आणि दिवस भरत आलेली बाई. उसात हरवण्याची भीती आपल्या लोकांना समजवावी लागत नाही. मात्र गर्भवती स्त्री आणि स्त्रीभ्रूणहत्या हे विषय त्यात आहेत, ते जाहिरातीतच सांगा. कुणाच्या घरी काय घडून गेलंय ते आपल्याला माहीत नसतं. 'महल' (१९४९) लावलात तर तरुण मुलं आधी कंटाळतात. मग झोपाळा हलतो, 'आएगा आनेवाला' लांबून जवळ येतं आणि मोबाइल खिशात जातात. तो अडीच तासांहून मोठा आहे, तेव्हा त्याला जोडीदार देऊ नका.

आमचा सगळ्यात रंगलेला खेळ मूकपटाचा होता, १९२२चा, जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा 'नोस्फेरातू'. ड्रॅक्युलाच्या कादंबरीवर परवानगी न घेता केलेला, त्यामुळे लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. तरी काही वाचल्या. (परवानगीचा मुद्दा मी वर एवढा का ताणला ते आता कळेल.) संगीताच्या हक्कांची कटकट नको म्हणून आम्ही जिवंत साथ ठेवली. एक तंबोरा, एक हार्मोनियम, एक पखवाज. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी तबला-पेटी असायचीच. पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या मराठीत वाचायला एक निवृत्त शिक्षिका बसल्या, हातात झाकलेला छोटा दिवा.

तालमीत पखवाजवाला प्रत्येक भीतीच्या जागी जोरात वाजवायचा. सगळं कीर्तनासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या तालमीला आम्ही ठरवलं, जिथे सगळ्यात जास्त घाबरवायचंय तिथे वाजवायचं नाही. जिन्यावर त्या रक्त पिणाऱ्या उमरावाची सावली चढते, लांब बोटं दाराकडे सरकतात, तिथे फक्त तंबोरा ठेवला. सावली दाराशी पोचली तेव्हा तोही बोटाने दाबून धरला. हॉलमध्ये कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या तेवढाच आवाज. पडद्यावरची शंभर वर्षांची सावली आणि पुढच्या रांगेतला कॉलेजचा मुलगा खुर्चीत मागे सरकतोय, हे मी बाजूला उभं राहून बघितलंय. अशी साथ लावायची तर किमान चार तालमी धरा, आणि तालीम त्याच प्रतीवर करा. मूकपटाच्या वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या वेगाने चालतात, लांबी बदलते.

चित्र आणि आवाज

थिएटर घेतलंत तर चित्रपट डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, म्हणून येतो, हार्डडिस्कवर किंवा डाउनलोड. त्याला कुलूप असेल तर उघडायची किल्ली, म्हणजे केडीएम, वेगळी येते. ती त्याच थिएटरच्या त्याच सर्व्हरला आणि ठरलेल्या तासांतच चालते. इथे सगळे नवखे फसतात. खेळ सातला म्हणून किल्लीही सातपासून मागितली, तर दुपारी चाचणी घेता येत नाही. आदल्या दिवशी सकाळपासूनची मागा. ऐनवेळी स्क्रीन दोनवरून स्क्रीन चारवर हलवलं तर जुनी किल्ली बिनकामाची. आणि डिस्क वेळेत पोचवा, सर्व्हरवर चढायलाच बराच वेळ जातो.

स्वतःचा प्रोजेक्टर लावणार असाल तर थोडा हिशेब. थिएटरात पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट धरतात. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी लुमेन (प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचं माप) भागिले पडद्याचं चौरस फुटांतलं क्षेत्रफळ म्हणजे हा आकडा. १२ फूट रुंद पडदा नेहमीच्या १६:९ आकारात पावणेसात फूट उंच होतो, म्हणजे ८१ चौरस फूट. गुणिले १४, साधारण ११३५ लुमेन. खोक्यावर छापलेला आकडा भगभगीत मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो बराच उतरतो. तेव्हा ३००० लुमेनचा प्रोजेक्टर पुष्कळ झाला. भाड्याने देणारा अभिमानाने सात-आठ हजारांचा आणेल, तर नको म्हणा. तो लग्नातल्या स्लाइड शोसाठी आहे. त्याने काळा रंग राखाडी होतो, आणि भयपटात राखाडी कोपऱ्यात कुणी लपू शकत नाही. लुमेनपेक्षा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, विचारा.

चाचणीसाठी चित्रपटातला सगळ्यात अंधारा प्रसंग लावा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. काही दिसत नाही म्हणून लगेच ब्राइटनेस वाढवू नका. आधी हॉलचे उरलेले दिवे घालवा, डोळे सरावू द्या, मग ठरवा. प्रोजेक्टरला येणारा सिग्नल तुटला की निळा पडदा येतो, तो सेटिंगमध्ये जाऊन काळा करा.

आवाजाचं उलट असतं. सगळे किंकाळीवर आवाज लावतात, मी सांगतो कुजबुजीवर लावा. शेवटच्या रांगेत कुजबुजीतला प्रत्येक शब्द कळला पाहिजे, मग किंकाळी आपोआप जागेवर येते. भरलेला हॉल आवाज शोषतो, म्हणून रिकाम्या हॉलात ठरवलेल्यापेक्षा खेळात किंचित वर ठेवा. लोक कानावर हात ठेवायला लागले तर ती भीती नव्हे, त्रास आहे.

लॅपटॉपवरून चालवणार असाल तर इंटरनेट बंद, नोटिफिकेशन बंद, अपडेट बंद, स्क्रीनसेव्हर बंद, चार्जर लावलेला. हे मी शिकलो ते असं: पडद्यावर मुलगी आरशाकडे वळते, संगीत थांबलेलं, आणि उजव्या कोपऱ्यात आमच्या सोसायटीचा मेसेज उमटला, "उद्या २४ तास पाणी येणार नाही, भरून ठेवा." भुताला मिळाला नाही एवढा मोठा चीत्कार त्याला मिळाला. दोन बायका तर उठून गेल्या.

दारावर

'ए' प्रमाणपत्र असेल तर अठराखालच्यांना प्रवेश नाही, आईबाबा सोबत असले तरी नाही. हे पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे दारात वाद होत नाही. तरी होतोच. "अहो काका, तो घरी यापेक्षा भयंकर बघतो," असं म्हणणारे वडील दरवर्षी भेटतात. नम्रपणे पैसे परत करा आणि विषय संपवा. आता यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या प्रमाणपत्रातही ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या आल्या आहेत. त्या पालकांनी ठरवायला आहेत, दारावरच्या माणसाने अडवायला नाहीत. फिट येण्याचा त्रास असलेल्यांसाठी लखलखत्या प्रकाशाचे प्रसंग असल्याची सूचना लावा.

सजावट करायचीच तर मंडईतून लाल भोपळा आणून कोरता येतो, पण आपल्या उकाड्यात तो दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि चिलटं येतात. सकाळी कोरा, रात्री टाका. त्यापेक्षा दारावर टांगलेला कोहळा आणि लिंबू-मिरची आपल्या माणसाला जास्त बोलते. लॉबीत आम्ही एका भिंतीवर मुंजा, हडळ, खवीस, समंध, चकवा, झोटिंग यांची ओळख लावली होती. चित्रपटापेक्षा तिथे गर्दी जास्त, आणि प्रत्येक आजीकडे दुरुस्त्या तयार. एक पथ्य पाळा. "खरा मांत्रिक", "आत्म्याशी बोलणारे तज्ज्ञ" असलं काही बोलावू नका. २०१३पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नकोच.

खेळ सुरू झाला की

वेळेवर सुरू करा. दहा मिनिटांत दार बंद, नंतर येणाऱ्यांना टॉर्चवाला माणूस जमिनीकडे उजेड धरून मागच्या रांगेत बसवेल. त्यासाठी मागची एक रांग रिकामी ठेवा. प्रास्ताविक तीन मिनिटांचं. अध्यक्षांचा सत्कार, शाल-श्रीफळ वगैरे दुसऱ्या दिवशीसाठी. बोलणं संपल्यावर लगेच चित्रपट लावू नका. दिवे पूर्ण घालवा आणि अर्धा मिनिट तसंच बसू द्या. आधी हसू येतं, मग ते विरतं.

मध्येमध्ये लोक हसतील. घाबरलेला माणूस हसतो, त्याला दटावू नका. मोबाइल लावणाऱ्याच्या खांद्याशी मात्र टॉर्चवाल्याने जाऊन उभं राहावं, बोलायची गरज पडत नाही. मध्यंतर शक्यतो नको. वडापाव विकायचा असेल तर आधी विका, आणि कुरकुरणारी पाकिटं आत सोडू नका. वीज गेली तर काय, हे आधी ठरवा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर, आणि एक माणूस हॉलचे दिवे लावायच्या बटणापाशी.

शेवटच्या पाट्या संपेपर्यंत दिवे लावू नका, आणि लावताना आधी कडेचे, मग वरचे. नंतर अर्धा तास लोक पायऱ्यांवर उभे राहून बोलतात. माझ्या मते निम्मी मजा तीच असते, त्यामुळे हॉलचं भाडं त्या अर्ध्या तासासकट घ्या. एकट्या आलेल्यांना कुठल्या दिशेला जायचंय ते विचारून रिक्षा वाटून द्या. कर्जत-कसारा आणि पनवेलच्या बाजूच्या शेवटच्या गाडीच्या वेळा मोठ्या कागदावर दाराशी लावा. व्हेंटिलेटरवरची कापडं उतरवा, टेपचे तुकडे नखाने खरवडून काढा. आमचं डिपॉझिट एकदा त्या तुकड्यांपायी कापलं गेलं होतं. आणि डिपॉझिटची पावती कुणाच्या पाकिटात आहे ते निदान दोघांना माहीत असू द्या, कारण रात्री साडेबाराला हॉलचा वॉचमन फक्त तीच मागतो.